पेल्यातले संत्रे आणि गर्भातील बाळ

ऑक्टोबर सरत आला की कळमन्याच्या बाजारात अंबिया बहराची संत्री उतरू लागतात. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातून येणारे हे फळ नागपूरच्या माणसाला बाजारातले वाटतच नाही. ते घरचे असते. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून पाहुण्याच्या स्वागताला, आजाऱ्याच्या उशाशी आणि माहेरी आलेल्या लेकीच्या पिशवीत संत्रे होतेच.

घरातील सुनेला दिवस गेले की या फळाला वेगळाच मान मिळतो. इतवारीतील कितीतरी व्यापारी घरांत दुकानाच्या किल्ल्या बाहेर पडतात त्याच वेळी स्वयंपाकघरात चार-पाच संत्री पिळली जातात. सासूबाई रस गाळून, पेला काठोकाठ भरून सुनेपुढे ठेवतात. रसाने बाळ हुशार होते, बाळाचा रंग उजळतो, रक्त वाढते, अशा समजुती त्या पेल्याबरोबर येतात. सून तो पेला निमूटपणे रिकामा करते, कारण त्यात केवळ रस नसतो; त्यात वात्सल्य असते, आणि वात्सल्याला नाही म्हणणे अवघड असते.

अशाच एखाद्या घरात सहाव्या-सातव्या महिन्यात रक्ताचा अहवाल येतो आणि त्यात साखर वाढलेली निघते. मग घरभर एक अवघडलेली शांतता पसरते. मिठाई दिली नाही, बाहेरचे काही खाल्ले नाही. रोज फळच तर दिले, मग चुकले कुठे? सासूला स्वतःचा हात अपराधी वाटू लागतो आणि सुनेला स्वतःचे शरीर. या प्रश्नाचे उत्तर शांतपणे शोधले पाहिजे, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना सत्याचा अंश आहे. गर्भवतीने फळे खाणे बाळाच्या बुद्धीला पोषक दिसते, हे खरे. पिळून काढलेला रस म्हणजे ते फळ नव्हे, हेही तितकेच खरे.

गर्भवतीच्या आहाराचा विचार जैन परंपरेला नवा नाही. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्र पर्युषणात वाचले जाते, तेव्हा त्रिशला मातेच्या गर्भकालाचे वर्णन ऐकण्यास मंडप भरून जातो. चौदा स्वप्नांचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात राहतो. मात्र त्यानंतर मातेच्या आहाराविषयी जे सांगितले आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्रिशला मातेने अति थंड, अति उष्ण, अति तिखट, अति कडू, अति आंबट आणि अति गोडही टाळले. ऋतूला आणि देहाला मानवेल असे, गर्भाला हितकर होईल असे अन्न घेतले, असा त्या वर्णनाचा भाव आहे. राजवाड्यात कशाचीच वाण नव्हती. तरीही वर्णनाचा भर विपुलतेवर नसून मर्यादेवर आहे. आजचे विज्ञान वेगळ्या वाटेने याच मर्यादेपाशी येऊन पोहोचते.

बुद्धीच्या बाजूचा पुरावा प्रथम पाहू या. कॅनडातील एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठात बालरोगतज्ज्ञ पियूष मांधाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६८८ मुलांचा अभ्यास करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मातांनी गर्भावस्थेत काय खाल्ले याची नोंद घेण्यात आली आणि बाळ एक वर्षाचे झाल्यावर त्याच्या आकलनाची चाचणी झाली. कुटुंबाचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण, बाळ पूर्ण दिवसांचे होते की नाही, या बाबी हिशोबात धरूनही एक गोष्ट उरली: मातेने जितकी अधिक फळे खाल्ली होती, तितके बाळाचे गुण वरचे होते. दिवसाला सहा-सात वेळा फळ घेणाऱ्या मातांच्या बाळांचे गुण सरासरीने सहा-सात अंकांनी अधिक आढळले. जन्मानंतर बाळाला भरवलेल्या फळांचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. जे घडले, ते गर्भातच घडले असावे, असा त्याचा अर्थ निघतो.

याच विद्यापीठातील फ्रान्स्वा बोल्डुक यांनी फळांवर घोंघावणाऱ्या लहान माशांवर प्रयोग केला होता. संत्रे आणि टोमॅटो यांच्या रसाची जोड मिळालेल्या माशांच्या संततीत शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता वाढलेली दिसली. पुढे २०२० साली उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाभण माद्यांना पाणी मिसळलेला संत्र्याचा व टोमॅटोचा रस दिला गेला आणि त्यांच्या नर पिल्लांची स्मरणशक्ती तपासली गेली. आदल्या दिवशी शिकलेले दुसऱ्या दिवशी आठवण्यात ती पिल्ले सरस ठरली. चतुरिंद्रिय माशी असो वा पंचेंद्रिय उंदीर, प्रयोगशाळेतील हे व्यवहार जैन मनाला रुचणारे नाहीत. परंतु रसाने बुद्धी वाढते या वाक्याचा उगम कोठे आहे, हे माहीत असलेले बरे. कारण त्या उगमातच त्याची मर्यादाही आहे.

उंदरांचा प्रयोग तीन तुकड्यांत झाला आणि प्रत्येक तुकडीत रस मिळालेल्या माद्या दोनच होत्या. त्यांना मिळालेला रस पातळ केलेला होता. उंदराच्या पिल्लाला वाट आठवली म्हणून माणसाच्या मुलाला गणित येईल, असे म्हणता येत नाही. कॅनडातील मुलांचा अभ्यास मोठा आणि काळजीपूर्वक केलेला होता, पण तोही निरीक्षणाचा होता. भरपूर फळे खाणारी माता इतर बाबतींतही स्वतःची अधिक काळजी घेत असेल. त्यातील किती श्रेय फळाचे, हे नेमके वेगळे काढणे कठीण असते. शिवाय त्या संशोधकांनीच एक इशारा दिला होता. अति फळे खाल्ल्याने गर्भावस्थेतील मधुमेह आणि बाळाचे वाजवीपेक्षा अधिक वजन यांचा धोका संभवतो, म्हणून या निष्कर्षावरून कोणी मर्यादा सोडू नये. बातमी दूरवर पोहोचते. इशारा वाटेतच गळून पडतो.

संत्रे पिळले की काय होते, हे समजण्यास यंत्र लागत नाही. गाळणीत उरलेला चोथा पाहिला तरी पुरे. फोडींवरचे पांढरे धागे, पातळ पापुद्रे आणि गर यांतील तंतू मागे राहतो, आणि पेल्यात उतरते ते मुख्यतः पाणी, साखर, आम्ल व काही जीवनसत्त्वे. अख्खे संत्रे चावून खाताना वेळ लागतो, तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि दुसऱ्या संत्र्यापर्यंत पोट भरल्याची जाणीव होते. रसाच्या २०० मिलीलीटरच्या पेल्यात चार-पाच संत्री मावतात आणि १८ ते २० ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ चार-पाच चमचे. वरून साखर घातलेली नसतानाही हा आकडा खरा असतो. तो पेला दोन मिनिटांत संपतो. चार-पाच संत्री एका बैठकीत सोलून खाणारी गर्भवती क्वचितच सापडेल.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालच्या मार्गदर्शिकेत फळांच्या रसातील नैसर्गिक साखरेची गणना मुक्त साखरेत, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात केली आहे. अख्ख्या फळातील साखर त्या खात्यात धरलेली नाही. मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत राहावी, असे ती मार्गदर्शिका सांगते. ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. सकाळचा एक पेला रस आणि दोन वेळचा चहा एवढ्यातच ती मर्यादा ओलांडली जाते.

बुद्धीच्या दृष्टीने या फरकाचे महत्त्व अमेरिकेतील बोस्टनच्या परिसरात झालेल्या एका दीर्घ अभ्यासातून पुढे आले. १९९९ ते २००२ या काळात गर्भवती असलेल्या मातांची त्यात नोंद झाली, आणि १,२३४ माता व त्यांची मुले यांच्यावरील निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. गर्भावस्थेत अधिक साखर घेणाऱ्या, विशेषतः गोड पेये पिणाऱ्या मातांच्या मुलांचे आकलन व स्मरण पुढे शालेय वयात किंचित कमी आढळले. मुलांनी स्वतः लहानपणी फळे खाल्ली असतील तर त्यांचे गुण चांगले होते. फळांच्या रसाबाबत मात्र तसा लाभ दिसला नाही. जो गुण होता, तो फळातील साखरेचा नसून फळातील इतर घटकांचा असावा, असे अनुमान संशोधकांनी काढले.

आता सातव्या महिन्यातील त्या अहवालाकडे वळू या. गर्भावस्थेत वारेतून निघणारे काही स्राव मातेच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. बाळाला साखर अखंड मिळावी, अशी ती निसर्गाची योजना असते. बहुतेक स्त्रियांचे शरीर अधिक इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते. काहींना ते जमत नाही आणि साखर वाढते. मातेची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, पण तिचे इन्सुलिन जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करू लागते. बाळ प्रमाणाबाहेर वाढते, प्रसूती अवघड होऊ शकते, आणि जन्मानंतर साखरेचा पुरवठा एकाएकी तुटला की बाळाची साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. नवजात मेंदूला साखरेची ही घसरण सोसत नाही. बुद्धीसाठी दिलेल्या पेल्याचा अतिरेक बुद्धीच्याच मुळाशी येऊ शकतो, तो असा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रसाच्या पेल्याने एकट्याने मधुमेह होत नाही. आनुवंशिकता, वय, वजन, हालचालींचा अभाव, अशी अनेक कारणे त्यामागे असतात आणि भारतीय स्त्रियांमध्ये हा कल मुळातच अधिक आहे. म्हणून सासूने स्वतःला वा सुनेला दोष देण्याचे कारण नाही. मात्र ज्या शरीराचा तोल आधीच नाजूक आहे, त्यावर रोज रिकाम्या पोटी साखरेचा भार टाकू नये, एवढे कळण्यास हे पुरेसे आहे.

तपासणी सोपी आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय परिस्थितीला अनुरूप अशी जी पद्धत रूढ केली, तीच केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत स्वीकारली गेली. उपाशी असण्याची अट न ठेवता ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर ती गर्भावस्थेतील मधुमेहाची खूण मानली जाते. ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि त्यात काही न आढळल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावयाची असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. साखर वाढलेली निघाली तरी पहिला उपचार आहार आणि चालणे हाच असतो; त्याने न भागल्यास औषध. वेळीच कळले, तर बहुतेक माता व बाळे सुखरूप पार पडतात.

साखरेचा प्रश्न असा सुटला, तरी आणखी एक उणीव राहते, आणि जैन घरांसाठी ती अधिक महत्त्वाची आहे. तिचा शोध महाराष्ट्राच्याच मातीत लागला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. तो आज जगभर पुणे मातृपोषण अभ्यास म्हणून ओळखला जातो. तेथे प्रथम आढळले ते असे की, मातेने एकूण किती उष्मांक घेतले यावर बाळाची वाढ तितकी अवलंबून नव्हती. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या आहारात अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः भरलेली होती. फळाची थोरवी येथेही दिसते. पण ते फळ पालेभाजी आणि दूध यांच्या पंगतीत बसलेले आहे, एकटे नाही.

पुढे रक्ताच्या तपासण्यांतून दुसरी गोष्ट उघड झाली. दर तीन मातांपैकी दोघींच्या शरीरात जीवनसत्त्व ब-१२ कमी होते. फोलेटची, म्हणजे पालेभाज्या, डाळी आणि संत्र्यासारखी फळे यांतून मिळणाऱ्या घटकाची कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. ही मुले नऊ वर्षांची झाल्यावर अगदी कमी ब-१२ असलेल्या मातांची मुले आणि पुरेसे ब-१२ असलेल्या मातांची मुले यांची तुलना केली गेली. ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगणे, लक्ष विचलित न होऊ देता काम पुरे करणे, अशा चाचण्यांत पहिल्या गटातील मुले मागे पडली. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

ब-१२ मज्जातंतूंवरील आवरण घडवण्यास आवश्यक असते, आणि वनस्पतींतून ते मिळत नाही. कोणत्याही फळात, कोणत्याही भाजीत, कितीही महागड्या रसात ते नसते. शाकाहारी घरात त्याचा मुख्य आधार दूध, दही, ताक आणि पनीर एवढाच. गर्भवतीला दिवसाला सुमारे अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. दुधाच्या एका पेल्यातून त्यातील तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळते. आता रसाचा पेला वेगळ्याच प्रकाशात दिसू लागतो. सकाळी रसाने पोट भरले म्हणून दुधाचा पेला मागे सरला, तर जे शरीरात पुरेसे आहे त्याची भर पडते आणि जे खरोखर उणे आहे ते उणेच राहते. हुशार बाळाच्या आशेने नेमकी उलटी अदलाबदल होते.

याज्ञिक यांच्या गटाने पुढचे पाऊलही टाकले. त्याच गावांतील, आता तरुण झालेल्या मुलामुलींना २०१२ पासून रोज अवघे २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. ज्या मुलींना ते विवाहापूर्वीपासून मिळाले होते, त्यांच्या दोन वर्षांच्या बाळांचे आकलन आणि भाषा, ते न मिळालेल्या मातांच्या बाळांपेक्षा चांगली आढळली. मुलांची संख्या लहान असली, तरी दिशा स्पष्ट आहे. बाळाच्या बुद्धीची तयारी गर्भ राहिल्यावर सुरू करणे उशिराचे ठरू शकते. ती मुलीच्या माहेरीच सुरू व्हावी लागते.

मुंबईतही असाच धडा मिळाला. तेथील वस्त्यांमधील स्त्रियांना २००६ पासून गर्भधारणेच्या आधीपासूनच रोज एक खाद्यपदार्थ देण्यात आला. एका गटाच्या पदार्थात पालेभाजी, फळे आणि दूध होते. दुसऱ्या गटाच्या पदार्थात बटाटा, कांदा यांसारख्या कमी जीवनसत्त्वांच्या वस्तू होत्या. पहिल्या गटात गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले. फळ योग्य सोबतीत, अन्नाचा भाग म्हणून आले, तेव्हा साखर वाढण्याऐवजी तिला आळा बसला.

मग नागपूरच्या घरात संत्र्याचे स्थान काय? ते मानाचेच आहे. फक्त पेल्यातून ताटाजवळ आणण्याची गरज आहे. शाकाहारी अन्नातील लोह शरीराला सहजी मिळत नाही, आणि संत्र्यातील जीवनसत्त्व क ते शोषून घेण्यास मदत करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. गर्भाच्या मेंदूलाही लोह लागते. म्हणून भोजनाच्या शेवटी, किंवा लोहाच्या गोळीच्या वेळी, एक संत्रे सोलून फोडी चावून खाव्यात. आणि चहा त्या वेळेपासून दूर ठेवावा, कारण तो लोहाच्या वाटेत येतो. रक्त वाढते ही जुनी समजूत या अर्थाने पुष्कळशी बरोबर आहे. रंग उजळतो ही मात्र निराधार आहे. बाळाचा वर्ण मातापित्यांच्या वारशाने ठरतो.

व्रतनियम पाळणाऱ्या घरांनी वेळेचाही विचार करावा. डिसेंबरात नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. चौविहार करणारी स्त्री नवकारशी पाळून सकाळी साडेसातला तोंड उघडते, तेव्हा चौदा तासांचा उपवास घडलेला असतो. इतक्या अवधीनंतर पोटात पहिली वस्तू रसाचा पेला पडली, तर साखर झपाट्याने चढते आणि थोड्याच वेळात उतरून गळल्यासारखे वाटते. त्याऐवजी गरम दूध आणि खाखरा किंवा मुगाचे धिरडे घ्यावे, आणि फळ तास-दोन तासांनी. गर्भावस्थेत इतका दीर्घ अवधी झेपतो की नाही, हे डॉक्टरांना विचारावे आणि गुरुमहाराजांपुढेही मोकळेपणाने मांडावे. पच्चक्खाणात आगार असतात, ते देहाची अडचण जाणूनच. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असेल, तर त्या दिवशी मूग, हरभरा, तूर यांतून फोलेट मिळू शकते. त्यासाठी रसाचा आधार लागत नाही.

ब-१२ ची रक्ततपासणी शक्यतो गर्भधारणेपूर्वी करून घ्यावी, आणि कमतरता असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध घ्यावे. ते घेताना एक सावधगिरी जैन कुटुंबांनी बाळगावी. पुष्कळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. गोळीच्या रूपातील औषध सहज मिळते. ते मागून घ्यावे. फॉलिक आम्लाची आणि लोहाची जी गोळी डॉक्टर देतात, ती या लेखातील कोणत्याही वाक्याच्या आधारे बंद करू नये. फॉलिक आम्ल बाळाच्या मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांपासून संरक्षण देते. ब-१२ त्याच्या जोडीला हवे, त्याच्या जागी नव्हे.

खोक्यातील रसाविषयी व्यापारी घरांना वेगळे सांगावयास नको. लेबल वाचणे हा त्यांचा रोजचा व्यवहार आहे. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून केलेल्या पेयांवर शंभर टक्के फळांचा रस असा दावा छापता येणार नाही, असा आदेश अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला. दुकानात तो माल विकताना आणि घरी आणताना, दोन्ही वेळा हे ध्यानात असावे. रस्त्यावरच्या रसवंतीत बर्फ, न गाळलेले पाणी आणि उघड्यावर चिरलेली फळे यांमुळे जंतुसंसर्गाची भीती असते. गर्भवतीने तेथील रस टाळणेच श्रेयस्कर. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा, तहान भागवण्यास गाळलेले पाणी, ताक आणि कमी साखरेचे लिंबूपाणी पुरेसे आहे.

रसाचा पेला अगदीच कधी घेऊ नये काय? साखरेची तपासणी नीट असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर सणावारी, पाहुण्यांच्या आग्रहाखातर, न गाळता काढलेला लहानसा पेला भोजनाबरोबर घेतल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या शिरस्त्याने आणि रिकाम्या पोटाने. ज्यांच्या तपासणीत साखर वाढलेली आहे, त्यांनी मात्र तो दूरच ठेवावा.

गर्भातील बाळाला मातेच्या अन्नाची चवही कळू लागते, हे जाणून पुष्कळांना नवल वाटेल. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही मातांनी शेवटच्या तिमाहीत आठवड्यातून चार दिवस गाजराचा रस घेतला. पुढे त्यांच्या बाळांना त्याच चवीची पेज भरवली, तेव्हा त्यांनी तोंड वेडेवाकडे करण्याचे प्रमाण कमी होते. गाजर कंदमूळ म्हणून जैन स्वयंपाकघरात येत नाही. पण त्यामागचे तत्त्व प्रत्येक घराला लागू पडते. मेथी, मूग, ताक, संत्रे यांची चव मुलाला पुढे परकी वाटू नये, तर ती मातेच्या ताटात आज असावी. आणि रोज जर तीव्र गोडच असेल, तर तीही एक ओळख होऊन बसते. आहाराचा संस्कार म्हणतात तो काही अंशी असा, प्रत्यक्ष जिभेवर होत असतो.

कल्पसूत्रातच आणखी एक प्रसंग आहे. मातेला आपल्या हालचालीने त्रास होऊ नये म्हणून गर्भातील वर्धमान निश्चल झाले. आणि हालचाल थांबल्याने माता व्याकूळ झाली, तेव्हा ते पुन्हा हलले. ज्याने सुख द्यावयाचे, त्यानेच दुःख झाले. आणि ते कळताच वागणे बदलले. प्रेमाला चूक लागत नाही असे नाही. ती लक्षात येताच दुरुस्त करणे हेही प्रेमच असते. रसाच्या पेल्याबाबत घराघरांत एवढीच दुरुस्ती पुरे आहे.

रस पिळण्यास चार-पाच संत्री लागतात, आणि सून तो उभ्याउभ्या पिऊन कामाला लागते. एक संत्रे सोलण्यास बसावे लागते. दुपारी दुकानातली माणसे जेवून परतल्यावर सासूबाईंनी सुनेला जवळ बसवावे, साल काढावी, एकेक फोड तिच्या हाती द्यावी आणि तिला आज बरे वाटते ना, एवढे विचारावे. बाळासाठी त्या पेल्यात जे हवे होते, ते सारे त्या एका संत्र्यात आणि त्या दहा मिनिटांत आहे.